तुमच्या किमेराची शेपटी आधी बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही इटलीत तोरिनोला नोकरीला आहात. मागच्या महिन्यात आरेत्सोच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून ३१ सेंटीमीटर लांब, १९ सेंटीमीटर उंच, हिरवट रंगाचा ब्राँझचा एक प्राणी घेतलात. धड सिंहाचं, पाठीतून बकरीचं डोकं वर आलेलं, शेपटीच्या जागी साप, आणि तो साप त्याच बकरीचं शिंग चावतोय. विकणारा म्हणाला, "एट्रुस्कन आहे," म्हणजे रोमनांच्या आधी मध्य इटलीत राहणाऱ्या लोकांनी घडवलेला. ऑफिसातला इटालियन मित्र म्हणाला, "एवढ्या लहान वस्तू प्रवाशांसाठीच करतात, फार तर शंभर-दीडशे वर्षांची असेल." तुम्हाला विचारायचंय की दोघांत खरं कोण, हिरवा थर काढावा का, आणि डिसेंबरात नाशिकला येताना ती बॅगेतून आणता येईल का.

मी २७ वर्षं धातूच्या मूर्तींची दुरुस्ती आणि जतन करतो. त्यातलं सुमारे दीड वर्ष फ्लोरेन्समधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात काढलं. तिथे मेणावर हात फिरवण्यापलीकडे फारसं कुणी काही करू दिलं नाही, पण नकला कशा जन्माला येतात ते जवळून पाहिलं. वस्तू हातात न घेता लिहितोय, त्यामुळे काही गोष्टी "असेल तर" या भाषेतच येतील. एक गोष्ट मात्र इथूनच पक्की सांगता येते, तिच्यापासून सुरू करतो.

मूळ शिल्प, म्हणजे ग्रीक पुराणातल्या किमेरा या राक्षसी प्राण्याचं एट्रुस्कन ब्राँझ, तुम्हाला ठाऊक असेलच. १५ नोव्हेंबर १५५३ रोजी आरेत्सोत तटबंदीचं खोदकाम चालू असताना सान लोरेन्तिनो वेशीजवळ ते सापडलं. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपासचं, सुमारे ७८.५ सेंटीमीटर उंच आणि १२९ सेंटीमीटर लांब. फ्लोरेन्सचा ड्यूक कोसिमो पहिला याने ते लगोलग फ्लोरेन्सला नेलं, आणि आज ते तिथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आरेत्सोकरांच्या मनात ती सल अजून आहे. आता गंमत अशी की जमिनीतून निघाला तेव्हा या किमेराला शेपटी नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या छापचित्रांतही तो बिनशेपटीचाच दिसतो. आज आपण बघतो तो साप १७८५ मध्ये दुरुस्ती करताना बसवला. आणि बसवणाऱ्याने, अभ्यासकांच्या मते, चूक केली. कथा आठवा: किमेराला मारणारा वीर बेलेरोफोन पेगॅसस या पंखांच्या घोड्यावर बसून वरून भाला मारतोय, सिंह मान वर करून गुरगुरतोय, बकरीच्या मानेला जखम झालेली आहे. अशा वेळी साप आपल्याच अंगावरच्या बकरीला कशाला चावेल? तो फणा काढून शत्रूवर धावत असणार.

चूक असो वा नसो, आपल्याला ती देवासारखी धावून आली. कारण तुमच्या प्राण्याचा साप शिंग चावतोय. म्हणजे ज्याने तुमचा नमुना घडवला त्याच्यासमोर १७८५ नंतरचा किमेरा होता, किंवा त्याचं चित्र, नाही तर त्याची आधीची एखादी नक्कल. एट्रुस्कन कारागिराला आपल्यामागे दोन हजारांवर वर्षांनी कुणी दुरुस्तीत काय चूक करणार हे कळणं शक्य नव्हतं. विकणाऱ्याचा दावा इथेच संपला. यंत्र नको, प्रयोगशाळा नको.

मित्राचा निष्कर्ष बहुधा बरोबर दिशेचा आहे, पण त्याचं कारण लंगडं आहे. लहान आहे म्हणून नंतरचं, असं नसतं. प्राचीन काळीसुद्धा मोठ्या, गाजलेल्या शिल्पांच्या हातभर आवृत्त्या भरपूर होत. आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझ मूर्ती घ्या. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, सातवाहनांच्या काळातल्या व्यापाराबरोबर आलेली, आणि तिची उभं राहण्याची ढब एका मोठ्या ग्रीक शिल्पावरून घेतलेली मानतात. म्हणजे तीही नक्कलच, पण अस्सल प्राचीन नक्कल. तेव्हा आकारावरून वय काढू नका.

म्हणून तुमचा खरा प्रश्न "अस्सल की नकली" हा नाहीच. नक्कल आहे हे ठरलं. प्रश्न आहे कितव्या पिढीची नक्कल, आणि कुठल्या हेतूने केलेली. आमच्या धंद्यात किंमत, जतनाची पद्धत, सगळं या उत्तरावर फिरतं.

पिढी म्हणजे काय ते सांगतो. मूळ शिल्पावरून थेट साचा घ्यायचा, त्यातून प्लास्टरची प्रत काढायची, तिच्यावरून मेणाची, आणि मेण वितळवून त्या जागी ब्राँझ ओतायचं. ही पहिली पिढी. आपल्याकडे याच मेणाच्या पद्धतीला मधूच्छिष्ट विधान म्हणत; बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्ये तिचं वर्णन आहे. आता समजा कुणी बाजारात विकत घेतलेल्या त्या ब्राँझ प्रतीवरूनच पुन्हा साचा घेतला आणि ओतलं. ही दुसरी पिढी. तिच्यावरून तिसरी. ब्राँझ गोठताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं, मेण थोडं आणखी आकसतं. म्हणजे प्रत्येक पिढीत प्राणी किंचित लहान होत जातो आणि चेहरा विरघळत जातो, नाण्यावरचा छाप झिजावा तसा. ३१ सेंटीमीटरच्या वस्तूत एका पिढीचा फरक पाच-सहा मिलिमीटर पडतो. त्याच आवृत्तीची खात्रीची चांगली प्रत कुठे मिळाली तर नाकाच्या टोकापासून मागच्या पायाच्या नखापर्यंत कॅलिपरने मोजून ताडता येतं. नाही मिळाली तर डोळ्यांवर भरवसा ठेवायचा: आयाळीच्या बटा एकमेकींपासून सुट्या दिसतात का, की त्यांच्यामधल्या खाचा भरून आल्यात? बरगड्या मोजता येतात का?

तुम्ही दिलेली मापं मी मूळच्या मापांशी लावून पाहिली. १२९ ला ७८.५, तर ३१ ला सुमारे १८.९. तुमचं १९ आलंय. एवढं चोख प्रमाण हाताने, नजरेने घडवलेल्या नमुन्यात सहसा येत नाही. म्हणजे मूळच्या साच्यावरून यंत्राने लहान केलेलं असावं. आणि यंत्राने लहान करायचे दोन काळ आहेत. पहिला १८३० च्या दशकापासूनचा. पॅरिसमध्ये आशिल कोलासने शिल्पाची प्रमाणबद्ध लहान प्रत कोरणारं यंत्र काढलं, आणि १८३८ मध्ये फर्डिनांड बारबेदिएनबरोबर भागीदारी करून प्राचीन शिल्पांच्या घरगुती आकाराच्या प्रती विकायला सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याच्या प्रतींवर शिक्का असतो. दुसरा काळ अगदी आजचा: लेझरने मोजणी, त्रिमितीय छपाई, छापलेल्या प्रतीवरून ओतकाम. मधल्या काळातही यांत्रिक उपकरणं होतीच, पण मला कुणी यंत्राने लहान केलेली वस्तू दाखवली की मी पहिल्यांदा या दोन टोकांपैकी कुठलं ते बघतो.

कसं बघतो? पोट. आमच्याकडे गिऱ्हाईक वस्तू टेबलावर उभी ठेवतं आणि चेहऱ्याबद्दल बोलत राहतं. मी ती आडवी करून खालून आत बघतो. बाहेरची बाजू कारागीर कानस, छिन्नी, रंग लावून हवी तशी करतो. आतल्या बाजूकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून ती खरं बोलते.

तुमच्या वस्तूच्या पंज्यांत बैठकीला आवळायची भोकं असणार. त्यांतून टॉर्च मारून बघा, मोबाइलला जोडून आत घालता येणारा बारीक कॅमेरा मिळाला तर आणखी उत्तम. आत प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचा लालसर-करडा गाभा चिकटून राहिला असेल, तर ती जुनी इटालियन पद्धत. पांढरी, कडक, सिरॅमिकसारखी कवची दिसली, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचं ओतकाम. आणि पोटाच्या किंवा मांडीच्या वळणावर, भिंगातून, नकाशातल्या समउंची रेषांसारख्या बारीक समांतर पायऱ्या दिसल्या, तर ती छपाईची निशाणी. मग तुमचा किमेरा तुमच्या मोबाइलच्याच वयाचा. आत तांब्याचा गुळगुळीत नव्हे तर दाणेदार थर आणि कथलाचा डाख दिसला, तर तो ओतलेलाच नाही, विजेच्या प्रक्रियेने साच्यावर तांब्याचा थर चढवून केलेला. एकोणिसाव्या शतकात संग्रहालयांसाठी अशा पुष्कळ प्रती झाल्या. त्या हलक्या असतात आणि टिचकी मारली की घंटेसारख्या न वाजता थपथप वाजतात.

दुसरं, स्क्रू. हसू नका. आटे हाताने कापलेले, थोडे वेडेवाकडे असतील तर जुनेपणाकडे एक गुण. नेमके आजच्या मेट्रिक मापाचे, षटकोनी नटाचे असतील तर उलट. पण बैठक नंतर बदललेली असू शकते, म्हणून हा पुरावा एकटा धरू नका.

तिसरं, उजवा पुढचा पाय. मूळ शिल्पावर तिथे एट्रुस्कन अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, 'तिन्श्क्विल' असं कोरलेलं आहे, म्हणजे तिनिया देवाला अर्पण. ती अक्षरं ओतायच्या आधी मेणातच कोरली होती. चांगल्या प्रतीत ती मऊ कडांची, धातूबरोबर आलेली दिसतात. अक्षरांच्या कडा धारदार आणि तळ चमकदार असेल, तर ओतल्यावर कुणी तरी छिन्नीने पुन्हा कोरलीत, कारण त्याच्याकडे आलेल्या नमुन्यात ती पुसट झाली होती. म्हणजे पुढची पिढी. अक्षरंच नसतील किंवा उलटी असतील, तर फोटोवरून काम केलंय. प्रमाण कितीही चोख असलं तरी मग माझं मत बदलेल.

आता हिरव्या थराबद्दल. यावर जरा जास्त लिहितो, कारण नुकसान इथेच होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेपल्सच्या ओतकारांकडे, म्हणजे कियुरात्सी वगैरे कारखान्यांत, एकच मूर्ती वेगवेगळ्या रंगांत मिळे. रंगांना ज्वालामुखीने गाडलेल्या जुन्या शहरांची नावं: पोम्पेई म्हणजे हिरवा, हर्क्युलेनियम म्हणजे गर्द काळपट, आणि 'आधुनिक' म्हणजे तकतकीत. साडीचा रंग निवडावा तसा गिऱ्हाइकाने निवडायचा. सांगायचं असं की हिरवेपणा हा वयाचा पुरावा नाही, तो ऑर्डरचा भाग होता, आजही आहे. तांब्याच्या नायट्रेटचं पाणी गरम धातूवर ब्रशने थोपटलं की अर्ध्या तासात दोन हजार वर्षं उतरतात.

जमिनीत खरंच शतकानुशतकं पडलेल्या ब्राँझवर हिरव्याच्या खाली लालसर थर असतो, आणि गंज धातूच्या कणांच्या मधून आत शिरलेला असतो. टवका उडाला तरी थर थेट पिवळ्या धातूवर संपत नाही. तुमच्याकडे कुठे टवका उडालेला असेल तर भिंगाने बघा. हिरव्याखाली लगेच चकचकीत पिवळं दिसलं तर तो लावलेला रंग. कापसाला ॲसिटोन लावून पंज्याच्या तळाशी, जिथे दिसणार नाही तिथे, हलकेच टेकवा. कापूस हिरवा झाला तर रंगीत मेण किंवा पेंट आहे.

पण रंग लावलेला आहे म्हणून तो काढायचा, हा निष्कर्ष चुकीचा. हे मी शिकलो ते दुसऱ्याच्या पैशाने. सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांनी आजोबांची लांडगीची मूर्ती आणून दिली, रोमच्या दंतकथेतली, दूध पिणाऱ्या दोन बाळांसकट. हिरवा रंग "खोटा" आहे हे मी बरोबर ओळखलं आणि उत्साहाने सायट्रिक ॲसिडने उतरवून टाकला. खाली सुंदर सोनेरी धातू निघाला, गृहस्थ खूश. दोन वर्षांनी तशाच मूर्तीची जुनी यादी बघताना कळलं की तो हिरवा थर कारखान्याने मूळचा दिलेला होता, आणि मागणी त्याचीच होती. मूर्तीचं जे काही मोल होतं त्यातलं निम्मं मी मोरीत ओतलं होतं. त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या हो, चकाकते तरी." ते मला जास्त लागलं.

तेव्हा चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट, काहीही नाही. मऊ कोरडा ब्रश, बस. सोळाव्या शतकात किमेराबरोबर निघालेल्या लहान ब्राँझच्या मूर्ती ड्यूक कोसिमो स्वतः बारीक हत्यारं घेऊन साफ करत बसायचा, असं सोनार-शिल्पकार बेनवेनुतो चेल्लिनी आपल्या आत्मचरित्रात सांगतो. तो ड्यूक होता, त्याला कोण अडवणार.

एक अपवाद. हिरव्या थरात कुठे फिक्या, पोपटी-पांढुरक्या पावडरीसारखे ठिपके असतील आणि ब्रशने झाडल्यावर काही दिवसांत परत येत असतील, तर तो क्लोराइडचा रोग आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तो वरवरचा प्रकार, हा आतून खाणारा. खात्रीसाठी वस्तू बंद डब्यात ठेवा, शेजारी वाटीत ओला कापूस, वस्तूला पाणी लागू न देता. दोन दिवसांत ठिपके वाढले तर मात्र जाणकाराकडे द्या, घरी उपाय करू नका. नाशिकची हवा तशी बरी, पण मुंबईत किंवा कोकणात कुणाकडे ठेवायला देणार असाल तर काचेच्या कपाटात सिलिका जेल ठेवाच.

एक्स-रे फ्लुरोसन्सचं, म्हणजे मिश्रणात कुठले धातू किती ते दाखवणारं, हातातलं यंत्र लावून घेऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या, पण त्याच्याकडून अपेक्षा किती ठेवायची ते आधी ठरवा. एट्रुस्कन ब्राँझमध्ये तांबं, कथील आणि बरेचदा शिसं असतं, जस्त जवळजवळ नसतंच. एकोणिसाव्या शतकापासूनच्या कलात्मक ओतकामात जस्त सर्रास येतं. ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के हे मिश्रण फार चालतं. धातूत सिलिकॉन बरंच निघालं तर विसावं शतक किंवा त्यानंतरचं. पण जस्त निघालं म्हणून १८९० चं की १९६० चं हे यंत्र सांगणार नाही. आणि रीडिंग बाहेरच्या हिरव्यावर घेऊ नका, पंज्याच्या तळाशी स्वच्छ धातूवर घ्या, नाही तर तुम्ही रंगाचं विश्लेषण करून याल.

खरं तर मूळ शिल्पांनाही हे प्रश्न चुकत नाहीत. वर जिच्या नकलेचा उल्लेख केला ती मूळ लांडगी रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयातली, १४७१ मध्ये पोप सिक्स्टस चौथा याने शहराला दिलेली. पिढ्यान् पिढ्या तिला एट्रुस्कन म्हटलं. तिच्या नकला १९०६ मध्ये बुखारेस्टला, १९३१ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला गेल्या (सिनसिनाटीतली २०२२ मध्ये पायांतून कापून चोरली गेली). मग २००६ मध्ये, तिची दुरुस्ती केलेल्या आन्ना मारिया कार्रुबा यांनी मांडलं की ती एकाच ओतात केलेली आहे, आणि एवढी मोठी ब्राँझ प्राचीन कारागीर तुकड्यांनी ओतून जोडत. म्हणजे ती मध्ययुगीन असावी. गाभ्यातल्या सेंद्रिय अवशेषांच्या कार्बन-चाचण्यांनीही अकराव्या-बाराव्या शतकाकडे बोट दाखवलं. सगळ्यांना हे मान्य नाही. पण बघा, तिथेही निर्णायक बोलली ती आतली बाजूच. आणि खालची बाळं तर पंधराव्या शतकाच्या अखेरीला जोडलेली, तुमच्या सापाची मावसभावंडं.

आता बॅगेचं. इथे विकणारा खोटं बोलतोय याचा आनंद माना. इटलीत १९०९ च्या कायद्यापासून जमिनीतून निघालेली पुरातन वस्तू सरकारची. ती खरंच एट्रुस्कन असती तर विमानतळावर तुमची फार वाईट अवस्था झाली असती. नक्कल ७० वर्षांच्या आतली असेल तर निर्यात परवान्याची अडचण नाही. ७० वर्षांहून जुनी पण १३,५०० युरोंहून कमी किमतीची असेल तर परवाना लागत नाही, पण निर्यात कार्यालयाकडे स्वयंघोषणा द्यावी लागते. ती निघण्याआधी बरेच आठवडे करा. आणि विकणाऱ्याकडून पावती घ्या, तिच्यावर 'किमेराची प्रत, ब्राँझ' असं त्याच्याच हातचं. "एट्रुस्कन" लिहिलेली पावती घेऊन सुरक्षा तपासणीला उभं राहू नका. भारतात आल्यावर कस्टमला किंमत सांगावी लागेल. वस्तू शंभरी ओलांडलेली निघाली तर १९७२ चा आपला पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि मग ती पुन्हा इटलीला न्यायची म्हटलं तर अवघड. तिकडेच स्थायिक व्हायचा विचार असेल तर आधी हे ठरवा.

माझा अंदाज विचाराल तर: दोन्ही मापं जुळतात, शिक्क्याचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, बाजार आरेत्सोचा. किमेरा हे त्या गावाचं चिन्हच, स्टेशनसमोरच्या कारंज्यांवर त्याच्या प्रती आहेत, आणि १९६८ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि आदल्या शनिवारी तो बाजार भरतो. अशा ठिकाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चांगल्या दर्जाची प्रत मिळणं सगळ्यात संभवनीय. एकोणिसाव्या शतकातली निघाली तर मला आनंदच होईल, पण शिक्का किंवा आतला लाल गाभा दिसल्याशिवाय मी तसं लिहून देणार नाही. तुम्ही किती पैसे मोजले ते लिहिलं नाहीत, ते बरं केलंत. चांगलं ओतकाम असेल तर शंभर वर्षं कमी भरली म्हणून ते वाईट होत नाही. घरी आणल्यावर कुणी विचारलंच तर सांगा, आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ असतो, त्याचा हा लांबचा पाहुणा.

चार फोटो पाठवा: पंज्यांच्या भोकांतून आतला भाग, स्क्रूचे आटे, उजवा पुढचा पाय जवळून, आणि शेपटी जिथे धडाला मिळते ती जागा. मूळ शिल्पात साप वेगळा करून बसवलेला आहे. तुमच्याकडे तिथे सांधा दिसतो, सांध्याची नुसती ओतलेली रेघ दिसते, की काहीच दिसत नाही, यावरून तुमच्या प्रतीचा साचा मूळच्या किती जवळून आला ते बरंच कळेल. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा.